साळूचं सगळं काढून ठेव

देवगाव रंगारी
३ जून २०२५

चि. मेघा हीस अनेक आशीर्वाद.

कडुबाच्या दुधाच्या टेम्पोतून माझा कॉम्प्युटर पाठवतो आहे. फक्त डबा, म्हणजे सीपीयू. पडदा आणि कीबोर्ड इथंच ठेवले आहेत, कडुबाच्या हातून ते धड पोचायचे नाहीत. कॉम्प्युटर सुरू होतो, निळा होतो आणि बंद पडतो. कन्नडचा दुकानदार म्हणाला, विंडोज नव्यानं टाकावं लागेल आणि टाकताना आतलं सगळं जाईल. ते इतक्या सहज म्हणाला की मी डबा उचलून घरी आणला. म्हणून तुझ्याकडं.

फोन करू नकोस. डावा कान कधीचाच गेला, उजव्याला आता कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. कडुबा रोज छावणीत दूध घालायला येतो, त्याच्या हाती पत्र दे.

आत एक फोल्डर आहे, 'साळू' नावाचं. त्यात एकेचाळीस फाईली. तुझी काकू शेवटची दोन वर्षं खाटेवर होती. दुपारी जेवणं झाली की ती बोलायची आणि मी टाईप करायचो. तिला लिहिता येत नव्हतं, तुला ठाऊक आहे. आवाज भरून ठेवायचं मला सुचलं नाही. कागदावरही एक ओळ नाही, प्रिंटर घेऊ घेऊ म्हणता राहिला. ती गेली त्याला चौदा महिने झाले, आणि तिचं म्हणून जे काही उरलंय ते त्या डब्यात आहे.

तेव्हा साळूचं सगळं आधी काढून ठेव, मगच विंडोजला हात लाव. फाईली उघडायच्या नाहीत. वाचायच्या तर मुळीच नाहीत. वेळ आली की छपाईचं काम मीच तुला देणार आहे.

काकू गेल्यावर तू पाठवलेलं पत्र परवा पुन्हा वाचलं. त्यात 'म्हंटलं' असं लिहिलं आहेस. पाचवीपासून सांगतो आहे, त्यावर टिंब नसतं. म्हटलं.

तुझं कॉम्प्युटरचं दुकान चालत असेलच. बाईमाणसाला बसल्या जागी एवढं पुष्कळ झालं.

तुझा काका,
बद्रीनाथ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
५ जून २०२५

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

डबा मिळाला. कडुबानं तो दुधाच्या कॅनना दोरीनं बांधून आणला होता, पण शाबूत आहे. डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. फोल्डर दिसतंय, एकेचाळीस फाईलीही दिसतायत. काळजी नसावी.

उघडायच्या नाहीत असं तुम्ही म्हंटलंय, तर उघडणार नाही. आलेलं पाकीट ज्याचं त्याला न दाखवता ठेवून द्यायचं, हे मी तुमच्याच घरात शिकले.

तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण करून देते. २००५ साल. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं माझं बोलावणं. हजर राहायची तारीख सत्तावीस जुलै. मला ते सापडलं डिसेंबरात, लग्नाची ट्रंक भरताना, तुमच्या कपाटात पेपरच्या घडीखाली. वडील आधीच गेले होते, मी चार वर्षांची असताना आईही गेली, तेव्हापासून तुम्हालाच बाप समजत होते. मी विचारलं, हे तुम्ही ठेवलं का? तुम्ही म्हणालात, माझ्या कपाटात आहे, मग मीच. एवढंच. काकू तिथंच चुलीपुढं होत्या. त्यांनी मान वर केली नाही, भाकरी थापत राहिल्या.

पुढं बारा वर्षं वैजापुरात नवऱ्याच्या आडतीवर कांदा निवडला, त्याचा मार खाल्ला आणि मग इथं आले. कॉम्प्युटर शिकले ते तिशी उलटल्यावर, चार महिन्यांच्या क्लासात. बसल्या जागी वगैरे काही नाही काका, दिवसभर उभी असते.

काम आठ दिवसांत होईल.

मेघा

देवगाव रंगारी
८ जून २०२५

चि. मेघास आशीर्वाद.

'म्हंटलंय' पुन्हा आलं. अडतीस वर्षांच्या बाईला हे सांगताना मलाच लाज वाटते.

पाकिटाचा विषय तू काढलास. त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं, दुसरं उत्तर माझ्याकडं नाही. एका कागदावाचून जिचं अडतं तिचं कागद मिळूनही अडलंच असतं. वैजापूरचं स्थळ मी बघितलं होतं, ते वाईट निघालं, ते माझ्याकडं लागलं. बाकीचं उकरू नकोस.

फाईलींचं मात्र नीट ऐक. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवली. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका दिसतात. पण साळूची एक ओळसुद्धा मी शुद्ध केली नाही. ती 'लई' म्हणाली तिथं 'लई' आहे, 'न्हाय' म्हणाली तिथं 'न्हाय'. पहिल्या दिवशी सवयीनं 'नाही' असं टाईप केलं आणि वाचून दाखवलं, तर म्हणाली, "आता ही कोन बोलतीया?" ते खोडलं आणि त्यानंतर कधी हात लावला नाही. ती गेल्यावर दुपारी जेवण झालं की मी त्यातलं एखादं पान उघडून बसत असे. गेला महिनाभर ते बंद आहे, आणि दुपार संपता संपत नाही.

पुन्हा लिहितो. साळूचं सगळं काढून ठेव. मग विंडोज.

काका

छावणी
१३ जून २०२५

ती. काकांना नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणं साळूकाकूंचं सगळं काढलं. मग विंडोज टाकलं. मशीन छान चालतंय.

आता वाईट बातमी आहे. फाईली आल्या, एकेचाळीसच्या एकेचाळीस आल्या, पण आत मराठीचं एक अक्षर उरलेलं नाही. तुम्ही उघडू नको म्हंटलं होतं, पण काढलेलं नीट आलंय का हे उघडल्याशिवाय कळत नाही. सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा आहे. व्हायरस असा असतो, तो अक्षरं खातो आणि फाईल तेवढी ठेवतो. खोटं वाटायला नको म्हणून मधल्याच एका फाईलीचं पहिलं पान छापून सोबत पाठवते आहे. बघा, कुठं काही लागतंय का.

शहरात दोन जाणकारांना दाखवलं. काही होत नाही म्हणाले.

या फाईली ठेवायच्या की पुसायच्या ते कळवा. ठेवल्या तर रोग नव्या विंडोजमध्ये शिरेल, म्हणून पुसाव्यात असं माझं मत. पण मी आपल्या मनानं पुसणार नाही. तुमच्या हातचं लिहून द्या. उद्या कुणी म्हणायला नको की मेघानं केलं.

मेघा

देवगाव रंगारी
१५ जून २०२५

मेघा,

पान बघितलं. उलटं धरून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मग तुझ्या काकूच्या फोटोमागं ठेवलं.

काहीच होत नाही का? तुला मी आजवर काही मागितलेलं नाही. सांगितलं असेल, मागितलं नाही. आज मागतो आहे. सगळं नको. एखादी फाईल निघाली तरी चालेल, अगदी लहानातली लहान. तिला लहानपणी विंचू चावला होता त्याची एक होती, दीड पानाची. ती निघते का बघ. पुण्यामुंबईला पाठवायची तर पाठव, मी जमीन विकीन पण पाठव.

मला तिचा आवाज आठवत नाही गं. शेवटी शेवटी तोंडाकडं बघून टाईप करत होतो. तिची वाक्यं होती म्हणून चाललं होतं.

तुझ्या पत्रात चुका असतील. बघितल्या नाहीत.

काका

छावणी
१८ जून २०२५

काका,

तुमचं इतकं मऊ पत्र मला पहिल्यांदाच आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सावकाश वाचलं.

विंचवाची फाईल बघितली. तीही तशीच आहे. काही होत नाही. वेळ निघून गेली की काही गोष्टी जमीन विकूनही परत येत नाहीत, मला याचा अनुभव आहे. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला काय समजवायचं.

पुसायचं एका ओळीत लिहून द्या. खाली सही करा.

मेघा

देवगाव रंगारी
२० जून २०२५

पुसून टाक.

बद्रीनाथ

छावणी
२३ जून २०२५

काका,

पुसलं. एकदा नाही, तीनदा. वरून दुसरं भरून पुन्हा पुसलं, तुमच्या डिस्कवरचंही आणि माझ्याकडं उतरवलं होतं तेही. आता कुणालाही काही सापडणार नाही. तुमच्या सहीचा कागद दुकानाच्या फाईलला लावून ठेवला आहे.

डबा कडुबाबरोबर परत पाठवते आहे. आत काही नाही, त्यामुळं भराभर चालतो. नवीन काही लिहायला बसा, दुपार जाईल.

एक कागद वेळेवर हातात न पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणीतरी दाखवायला हवं होतं. वीस वर्षं मी वाट बघितली, शेवटी तुम्हीच डबा पाठवलात.

मेघा

देवगाव रंगारी
९ जुलै २०२५

मेघा,

डबा आला. चार दिवस मी त्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी जेवण झालं, सवयीनं खुर्चीत बसलो आणि सवयीनंच टाईप केलं. माझी प्रत्येक फाईल 'साळू म्हणाली' अशी सुरू व्हायची. 'साळू' टाईप केलं आणि पडद्यावर आलं lkGw.

मला वाटलं, रोग अजून आत आहे. मग फोटोमागचं तुझं पान काढलं. त्याच्या माथ्यावर पहिलाच शब्द तोच होता.

माझ्या कीबोर्डवर अकरा वर्षं मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आहेत. साळूनंच पीठ कालवून चिकटवल्या होत्या, डिंक संपला होता म्हणून. त्यांच्याखाली काय आहे ते मी कधी बघितलं नव्हतं. एकेक पट्टी नखानं खरवडून काढली. 'स'च्या खाली l निघाला. 'ळ'च्या खाली G. तेव्हा कळलं. अक्षरं कुणी खाल्ली नव्हती. बटणं होती तीच होती, फक्त वरचा मराठी फॉन्ट नव्हता. माणसाचा सदरा काढलास आणि माणूस मेला असं मला सांगितलंस.

तुझ्या दुकानाच्या पाटीवर 'मराठी टायपिंग' लिहिलंय, असं कडुबा सांगतो. म्हणजे तुला हे पहिल्या मिनिटाला कळलं असणार. मी दोनदा 'काढून ठेव' म्हणालो होतो. तू उत्तरात 'काढलं' एवढंच लिहिलंस. 'ठेवलं' कुठंच नव्हतं. छत्तीस वर्षं क्रियापदं शिकवली आणि ऐन वेळी मला ते दिसलं नाही. आणि पुसलंस तेही माझ्या सहीनं. यापेक्षा चोख काम मी कुणाचं बघितलेलं नाही. इंजिनिअर झाली असतीस तर नाव काढलं असतंस.

पण एक पान तू स्वतःच छापून पाठवलंस. ते न वाचता पाठवलंस हे नक्की, वाचलं असतंस तर दुसरं निवडलं असतंस. एकेका अक्षरासाठी बटण शोधत बसलो, अकरा दिवस लागले. त्यात es?kk असा एक शब्द पाच वेळा येतो. मधोमध प्रश्नचिन्ह असलेला. ती तू आहेस.

पान खाली उतरवून देतो. तिचं आहे तसं आहे.

"मेघाचं बोलावनं आलं तव्हा हे शाळेत व्हते. पोस्टमननं सही मागितली, म्या आंगठा दिला. मला वाचता येत न्हाय, पन सरकारी शिक्का कळतो. पोरगी लई हुशार, ती जानार हे मला ठावं व्हतं. मला लेकरू न्हाय. मेघा गेली म्हंजी घरात ह्यांचं व्याकरन आन् मी. म्हून ते पाकीट म्या ह्यांच्या कपाटात पेपराखाली सारलं. चार दिसांनी देईन म्हनलं. चार दिसांत तारीख गेली. मग ह्यांना घावलं. हे मला काय बोलले न्हाईत, दोन दिस जेवले न्हाईत, पाकीट परत तिथंच ठुलं. पुढं मेघाला घावलं. तिनं इचारलं तव्हा ह्यांनी आपल्या आंगावर घेतलं आन् मी भाकरी थापीत राह्यले. आता ती कवातरी येती, ह्यांच्याशी बोलत न्हाय, माझ्या पाया पडती. मेघा पाया पडली की मला लई लाज वाटती. मी गेल्यावर मेघाला हे समदं छापून द्या. आन् तिला म्हनावं, साळूनं तुला"

पान इथं संपतं.

पुढचं वाक्य दुसऱ्या पानावर होतं. ते सांगताना ती रडली, त्यामुळं टाईप करताना मी दोनदा चुकलो, म्हणून ते मला पाठ आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर छपाईचं काम तुलाच द्यायचं आणि छापता छापता तू वाचावंस, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मध्येच विंडोज बिघडलं.

आता ते वाक्य फक्त माझ्याकडं आहे. ते मी तुला सांगणार नाही. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, फार दिवस ते सांभाळावं लागणार नाही.

बद्रीनाथ

छावणी
११ जुलै २०२५

काका,

कडुबा दारात थांबला आहे, नीट लिहायला वेळ नाही. तुमचं पत्र दुकानातच वाचलं. समोरच्या गिऱ्हाइकाला उठवलं आणी शटर ओढून घेतलं.

चुक माझी आहे. फॉन्ट मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. एक क्लिक करायची होती, काकू समोर बोलल्या असत्या. मी केली नाही. तुम्ही उघडू नको म्हणाला होतात आणी मला तुमच्याच शब्दांत तुम्हाला मारायचं होतं. ज्यांनी माझ्यासाठी काही केलं नाही असं वीस वर्षं समजत होते, त्यांनी काकूंना वाचवलं होतं, आणि मी काकूंनाच पुसलं.

ज्या डिस्कवर फाईली उतरवल्या होत्या, ती कालपासून पुर्ण शोधते आहे. तीन प्रोग्रॅम लावले. अक्षर निघत नाही. तीनदा पुसलेलं निघत नसतं, हे मीच लोकांना सांगते.

आशिर्वाद मागत नाही. दुकान बंद करून तिकडं येते, स्वयंपाक करते, तुम्ही बोलू नका, तोंडाकडं बघू नका. मला आईचा चेहरा आठवत नाही काका, आई म्हटलं की काकूच दिसतात. चुलीपुढं मान खाली घातलेल्या. फक्त एक ओळ लिहा. शेवटी काकूंनी मला काय म्हंटलं, तेवढं सांगा.

मेघा

देवगाव रंगारी
१३ जुलै २०२५

मेघा,

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. तांबडी शाई वाळली होती, कडुबाकडून नवीन पेन आणवला. एकूण सहा चुका आहेत.

'चुक' नव्हे, चूक. 'आणी' नव्हे, आणि. ही दोनदा केली आहेस, तिसऱ्यांदा बरोबर लिहिलंस, म्हणजे येत होतं. 'पुर्ण' नव्हे, पूर्ण. 'आशिर्वाद' नव्हे, आशीर्वाद. शब्द शुद्ध केला आहे, दिलेला नाही. 'आई म्हटलं की' हे बरोबर आहे. तिथं टिंब दिलं नाहीस.

इकडं येऊ नकोस. कडुबाला मी उद्यापासून पत्र घ्यायचं नाही असं सांगितलं आहे.

शेवटच्या ओळीत तू विचारलं आहेस, काकूंनी मला काय म्हंटलं.

म्हटलं.

बद्रीनाथ